वऱ्हाडच्या काळ्या मातीचा जमाखर्च

सेंद्रिय शेती आणि रासायनिक शेती यांतील भेद सांगावयाचा झाला म्हणजे बहुतेक लोक युरियाच्या गोणीपाशी आणि फवारणीच्या पंपापाशी येऊन थांबतात. ज्या वावरात या दोन वस्तू शिरल्या ते रासायनिक आणि ज्यात शिरल्या नाहीत ते सेंद्रिय, इतका हा हिशेब सोपा करून टाकलेला असतो. वऱ्हाडच्या, विशेषतः अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांच्या, शेतीचा गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास डोळ्यांसमोर आणला की हा हिशेब अपुरा वाटू लागतो. या मुलखात रासायनिक खताची पहिली गोणी उतरण्याच्या पुष्कळ आधीपासून, गावच्या जमिनीचे पोषण गावच्याच गोठ्यातून आणि उकिरड्यातून भागविण्याचा जो परंपरागत क्रम होता, तो ढासळू लागलेला होता; आणि तो ढासळण्याचे प्रमुख कारण कापसाचा व्यापार हे होते. म्हणून जमिनीत कोणते द्रव्य घातले एवढेच न पाहता, ते आले कोठून आणि पिकाबरोबर जमिनीतून जे निघाले ते गेले कोठे, याचा जमाखर्च मांडल्यावाचून या दोन पद्धतींचा न्याय करता येणार नाही, असे माझे मत आहे.

वऱ्हाड हा जुना सुभा. इमादशाहीच्या काळी अचलपूर आणि गाविलगड ही त्याची सत्तास्थाने होती. १५९६ साली तो मोगलांकडे गेला, पुढे निजामाच्या दौलतीत आला, नागपूरकर भोसल्यांनी त्याच्या महसुलात आपला हिस्सा बसविला, आणि १८५३ च्या तहाने, निजामाच्या दिमतीस असलेल्या कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी, तो इंग्रज कंपनीच्या कारभाराखाली आला. इतके अंमल झाले तरी उत्तरेस मेळघाटचे डोंगर आणि दक्षिणेस अजिंठ्याची रांग यांच्यामध्ये पसरलेले पूर्णेचे खोरे, आणि त्या खोऱ्यातील कित्येक पुरुष खोल गेलेली काळी जमीन, हीच या प्रांताची खरी दौलत होती. या खोऱ्याच्या मध्यभागी अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा आहे. तेथील विहिरींचे पाणी इतके खारट की ते पिकाला देणे म्हणजे जमीन बिघडविणे होय. अर्थात येथली शेती मुख्यतः पावसावर आणि मातीने धरून ठेवलेल्या ओलाव्यावरच उभी राहिली, आणि तिची अवजारे, तिचे पीकपालट, तिची मशागत ही सारी त्या एका ओलाव्याभोवती घडत गेली.

देशावरचा शेतकरी नांगराला जो मान देतो तो वऱ्हाडात वखराला होता. कुंदा किंवा हराळी माजली तरच कास्तकार नांगर काढी, आणि तोही कित्येक वर्षांतून एकदा. एरवी उन्हाळ्यात दोन-तीन वखराच्या पाळ्या दिल्या की जमीन मृगासाठी सज्ज होई. वखराची आडवी पास मातीचा वरचा थर तेवढा सोडविते, खालच्या थराला उलथत नाही. भेगाळलेल्या काळ्या मातीचा तो मोकळा झालेला थर ओल वर येऊ देत नाही. पेरणीनंतर पिकाच्या ओळींतून डवरा फिरे आणि तण व ओल या दोहोंचा बंदोबस्त एकाच फेरीत करी. आज भूमीची कमीत कमी उलथापालथ हे तत्त्व सेंद्रिय शेतीच्या शास्त्रात मोठ्या गौरवाने सांगितले जाते. ते वऱ्हाडच्या वखराला फार पूर्वीपासून ठाऊक होते.

पेरणीचा एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. कापसाच्या बियांवर, म्हणजे सरकीवर, बारीक लव राहिलेली असते, आणि त्या लवेमुळे बिया एकमेकींत गुंतून सरत्याच्या नळीतून सुट्या पडत नाहीत. म्हणून पेरणीच्या आदल्या दिवशी शेण आणि माती पाण्यात कालवून तो काला सरकीवर शिंपीत, आणि बायका ती सरकी एखाद्या बाजेवर किंवा खरखरीत तरटावर तळहाताने चोळीत बसत; लव बसून जाई, बी गोळीसारखे सुटे होई, आणि दुसऱ्या दिवशी तिफणीमागे ओटीत सरकी घेऊन चालणाऱ्या बाईच्या मुठीतून ते सरत्यात बरोबर पडे. पुढे ज्याला बीजसंस्कार म्हणू लागले, त्यातले शेण-माती हे मूळ द्रव्य घराघरांत होते, आणि बी तर घरचेच होते. चांगल्या पऱ्हाटीची पहिल्या-दुसऱ्या वेच्याची बोंडे वेगळी राखावी, त्यातली सरकी पुढच्या मृगापर्यंत जपून ठेवावी, हा रिवाज होता.

त्या जुन्या शेतीचे चित्र मात्र अकारण रंगवू नये. वऱ्हाडातले शेणखत मुबलक कधीच नव्हते. जे होते ते मळ्यांना आणि गावखारीच्या वावरांना जाई, आणि दूरची वावरे वर्षानुवर्षे खताचा एक भाराही न पाहता पिके देत. ही किमया त्या मातीच्या खोलीची होती, आणि तिच्या जोडीला पीकपालटाची होती. कापसाच्या मागे ज्वारी, ज्वारीच्या मागे कापूस. दोन्ही पिकांत काही तासांच्या, म्हणजे ओळींच्या, अंतराने तुरीचा एखादा तास. हलक्या जमिनीवर मूग-उडीद. तूर आपल्या मुळांवरच्या गाठींतून हवेतील नत्र जमिनीत आणते आणि पानगळ करून माती झाकते. ज्वारीचा कडबा बैलांना, बैलांचे शेण उकिरड्याला, पऱ्हाट्या-तुराट्या चुलीला. आणि चुलीला हे सरपण मिळत असल्याने शेणाच्या गोवऱ्या तितक्या कमी थापाव्या लागत. धनगरांचे कळप उन्हाळ्यात वावरात बसविण्याचीही चाल होती आणि त्याबद्दल त्यांना धान्य दिले जाई. खामगावी आणि उमरडी जातीचे बैल या सर्व व्यवहाराच्या मध्यभागी होते.

आता जमाखर्चाच्या मुख्य कलमाकडे येऊ. वेचलेल्या कापसाच्या वजनात रुई साधारण एक तृतीयांश असते आणि बाकीची बहुतेक सरकी. रुई हे जवळजवळ निव्वळ काष्ठतंतू. हवा आणि पाणी यांपासूनच ते घडलेले असते, त्यामुळे रुईच्या कितीही गाठी परदेशी गेल्या तरी जमिनीचे नुकसान नगण्य होय. सरकीची गोष्ट निराळी. तिच्यात तीन-साडेतीन टक्के नत्र असते, स्फुरद असते, पालाश असते. एका क्विंटल कापसातल्या सरकीबरोबर सुमारे दोन किलो नत्र वावरातून निघून जाते. जोपर्यंत कापूस गावातच चरकीवर सोडवला जाई आणि सरकी गावच्या बैलांच्या, म्हशींच्या दावणीत पडे, तोपर्यंत हे धन शेणाच्या वाटेने पुष्कळसे परत येई. कापसासारखे रोकडीचे पीक पिढ्यान्‌पिढ्या घेऊनही वऱ्हाडची जमीन खंगली नाही, याच्या कारणांपैकी हे एक मोठे कारण असले पाहिजे, असे मला वाटते.

वऱ्हाडी कापसाचा दूरचा व्यापार तसा जुनाच. वंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर तो गंगाकाठच्या मिर्झापूरच्या पेठेपर्यंत नेत. १८२५-२६ साली पेस्तनजी आणि विकाजी यांच्या पारशी पेढीने तो मोठ्या प्रमाणावर मुंबईकडे वळविला. आणि १८४२ साली अमरावतीच्या एका व्यापाऱ्याने एक लाख बैलांचे कापूस-ओझे खुष्कीच्या मार्गाने कलकत्त्यास रवाना केल्याची नोंद जुन्या गॅझेटियरात आहे. पण १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, आणि लिव्हरपूलच्या बाजारात ‘ऊमरा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उमरावतीच्या, म्हणजे अमरावतीच्या, मालाला अपूर्व किंमत आली. त्याच सुमारास मुंबईच्या धर्तीवर रयतवारी पैमाष आणि जमाबंदी सुरू झाली. कापसाच्या कामासाठी रिव्हेट-कार्नॅक नावाचा स्वतंत्र कमिशनर नेमला गेला. १८६७ साली लोहमार्ग अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचला. १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याने खामगावच्या फाट्याचे उद्घाटन केले. अमेरिकेचे युद्ध १८६५ साली संपले, भाव कोसळले, परंतु कापसाखाली गेलेली जमीन मागे फिरली नाही. सारा रोकडीत भरावयाचा, कर्ज रोकडीत फेडावयाचे, आणि रोकड देणारे पीक एकच.

नंतर जिन, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारे कारखाने, आले. अकोला, अमरावती, खामगाव, धामणगाव, मूर्तिजापूर या गावांच्या स्टेशनांलगत वाफेवर चालणारे जिन आणि प्रेस उभे राहिले. बंडीभर कापूस सरळ पेठेत जाऊ लागला आणि सरकी गावाबाहेरच वेगळी होऊ लागली. विसाव्या शतकाच्या आरंभी ती मुंबई बंदरातून इंग्लंडात हल शहराच्या तेलगिरण्यांकडे जहाजे भरभरून जात होती. कास्तकाराच्या दृष्टीने हा तोट्याचा सौदा नव्हता. बंडीचे पैसे हातोहात मिळत. परंतु जमिनीच्या खात्यातले दरसालचे जमेचे कलम असे मुकाट्याने कमी झाले, आणि त्याची नोंद कोणत्याही सरकारी दप्तरात झाली नाही. याच काळात गायराने आणि पडीत जमिनी वहितीस आल्या, मेळघाटची सागवानी जंगले राखीव झाली, आणि गुरांचा चारा दोन्ही अंगांनी आक्रसला. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडातली गुरे चाऱ्यावाचून मोठ्या संख्येने मेली. ज्या शेतीला आपण जुनी, शुद्ध, सेंद्रिय शेती म्हणून आज आठवतो, ती विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर अशी जायबंदी होऊन उभी होती. त्यातच रेशमासारख्या तंतूचा ‘बनी’ कापूस मागे पडून जाड तंतूच्या पण रुईचा उतारा अधिक देणाऱ्या जाती पुढे आल्या, आणि अकोल्याच्या सरकारी प्रयोगक्षेत्रानेही त्यांतल्या ‘रोझियम’ या वाणाचा पुरस्कार केला. व्यापाराच्या हिशेबाने ते बरोबरच होते.

या खंगण्याचे निदान दोघा इंग्रजांनी केले. जॉन ऑगस्टस व्होल्कर या रसायनशास्त्रज्ञाला सरकारने १८८९ साली हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करण्यास बोलाविले. १८९३ च्या आपल्या अहवालात त्याने येथल्या रयतेच्या कसबाची मुक्तकंठाने प्रशंसा केली आणि सरपणासाठी गावोगाव झाडे लावा म्हणजे शेण चुलीऐवजी वावरात जाईल, अशी शिफारस केली. दुसरा अल्बर्ट हॉवर्ड. १९०५ साली पुशाच्या संशोधनसंस्थेत आलेला हा वनस्पतिशास्त्रज्ञ १९२४ पासून १९३१ पर्यंत इंदूरला होता. होळकर दरबाराने ३०० एकर जमीन दिली, मध्यवर्ती कापूस समितीने पैसा पुरविला, आणि माळव्याची ती काळी जमीन वऱ्हाडच्या जमिनीची सख्खी बहीणच होती. तेथे यशवंत वाड या सहकाऱ्याच्या साहाय्याने त्याने जी कंपोस्टाची रीत बसविली ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली, आणि त्या दोघांच्या नावावर १९३१ साली निघालेले पुस्तक हे पुढच्या पाश्चात्त्य सेंद्रिय चळवळीच्या पायाचा एक दगड ठरले.

ही रीत बारकाईने पाहिली म्हणजे तिच्यामागचे निरीक्षण किती भूमिनिष्ठ होते ते कळते. पऱ्हाटी आणि तुराटी ही लाकडासारखी कठीण, सहजासहजी न कुजणारी. म्हणून हॉवर्ड ती शेताच्या रस्त्यावर पसरून ठेवी, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बंड्यांच्या चाकांखाली ती चेचली जाऊन तिचा भुगा होई. तो भुगा, तण आणि पालापाचोळा प्रथम बैलांखाली अंथरायचा. गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती खरवडून राखेसह त्यात मिसळायची. मग ३० फूट लांब आणि १४ फूट रुंद अशा उथळ खड्ड्यात शेणकाल्याबरोबर हे थर भरायचे, ओल राखायची, आणि सुमारे पंधरवड्याने, महिन्याने व दोन महिन्यांनी खालीवर करायचे. तीन महिन्यांत काळेभोर, मातीच्या वासाचे खत तयार. वऱ्हाडी कास्तकार गोमूत्र वाया जाऊ देई आणि उकिरडा उन्हापावसात उघडा टाकी, ही उणीव हॉवर्डने नेमकी हेरली होती. परंतु जमिनीचा कस परत जमिनीलाच मिळाला पाहिजे हे मूळ सूत्र तो हिंदुस्थानच्या आणि चीनच्या शेतकऱ्यांपासूनच शिकला, हे त्याने स्वतः मान्य केले.

असे असताना ही पद्धत तिच्या उगमाजवळच्या मुलखात रुजली का नाही? खड्ड्याला पाणी लागते, आणि खारपाणपट्ट्यात उन्हाळ्यात पिण्यालाच गोडे पाणी नसे. खत खालीवर करण्यास माणसे लागतात, आणि ती फुकट मिळत नाहीत. पऱ्हाटी खड्ड्यात घालावी तर चूल कशावर पेटवावी, हा प्रश्न घरच्या बाईने विचारला तर त्याला उत्तर नव्हते. या अडचणी आजही पुसल्या गेलेल्या नाहीत, आणि सेंद्रिय शेतीची शिकवण देणारांनी त्यांच्यावरून घाईने पुढे जाऊ नये.

स्वातंत्र्यानंतर देशापुढे अन्नाचा प्रश्न सर्वांत मोठा होता. अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी जन्मलेले डॉ. पंजाबराव देशमुख १९५२ पासून दहा वर्षे केंद्रात कृषिखाते सांभाळत होते. सिंद्रीचा खतकारखाना १९५१ साली सुरू झाला होता. आणि शेतकऱ्याच्या मुलाला विज्ञानाचा लाभ मिळावा ही पंजाबरावांची तळमळ खरी होती. त्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ १९६९ साली अकोल्यास स्थापन झाले. संकरित ज्वारीचे वाण १९६० नंतरच्या दशकात आले, १९७० साली सुरतेहून ‘एच-४’ हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस आला, आणि १९७२ साली राज्य सरकारची एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली. संकरित वाणाचे उत्पन्न डोळे दिपविणारे होते, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण त्याचे बी घरी राखता येत नाही, ते दरसाल विकत घ्यावे लागते. त्याला खताची भूक मोठी. आणि देशी पऱ्हाटीच्या लवदार पानांना व खोल मुळांना मावा-तुडतुडे आणि अवर्षण यांच्याशी झुंजण्याची जी उपजत ताकद होती, ती त्याच्यात नव्हती. म्हणून बियाण्यामागे खत आले, खतामागे फवारा आला, फवाऱ्यामागे कर्ज आले. १९९० नंतर सोयाबीनने ज्वारीचे वावर व्यापले, आणि सोयाबीनच्या कुटाराला कडब्याची सर नसल्याने गोठे रिकामे होऊ लागले. गोठा रिकामा झाला तेव्हा शेणखत गेले, आणि मग गोणी ही कास्तकाराची निवड न राहता गरज झाली.

पुढचा भाग सर्वांच्या स्मरणात आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. बोंडअळीने एकामागून एक औषधे पचविली. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, काही वर्षे फवारे घटले, आणि मग गुलाबी बोंडअळीने तेही कवच भेदले. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांना या भागात येऊन सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर करावी लागली, आणि त्या सहांत अमरावती व अकोला होते. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. त्यांतले पुष्कळसे दुसऱ्याच्या वावरात रोजाने फवारणारे मजूर होते. ज्या पद्धतीचा नफातोटा मांडताना ही माणसे कोणत्याच रकान्यात बसत नाहीत, त्या पद्धतीचा हिशेब खोटा आहे, असे मी निःसंकोच म्हणतो.

अमरावती जिल्ह्यातल्याच बेलोरा गावचे सुभाष पाळेकर यांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर आज देशभर चर्चिले जाते. कृषीचे शिक्षण घेऊन त्यांनी स्वतः रासायनिक शेती केली; १९८५ नंतर उत्पन्न उतरू लागले तेव्हा सातपुड्याच्या जंगलाकडे पाहून, कोणी खत न घालता तेथली झाडे कशी जगतात, याचा ते विचार करू लागले. त्यातून बीजामृत, जीवामृत, आच्छादन आणि वाफसा ही त्यांची चतुःसूत्री निघाली, आणि २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०० लिटर पाण्यात १० किलो देशी गाईचे शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, किलो-दोन किलो गूळ, तितकेच बेसन आणि धुऱ्यावरची मूठभर माती, दोन दिवस ढवळून एकरभर द्यायची, हे जीवामृत. पाळेकर सेंद्रिय शेतीलाही विरोध करतात. गाडीगाडीने विकत आणलेले कंपोस्ट आणि परदेशी गांडुळे हे त्यांच्या मते बाजाराचेच दुसरे रूप होय. या आक्षेपात तथ्य आहे. गोणीच्या जागी सेंद्रिय खताची तितकीच महाग गोणी आली तर कास्तकाराची ओंजळ रिकामीच राहते. पण जमाखर्च येथेही मांडला पाहिजे. १० किलो ओल्या शेणात नत्र पन्नास ग्रॅमच्या आतबाहेर असते. एकरी पाच क्विंटल कापूस पिकला तर नुसत्या सरकीतूनच दहा किलो निघून जाते. जीवामृत हे विरजण आहे, दूध नव्हे. ते फलद्रूप व्हायचे तर आंतरपिकातली तूर-मूग, जमिनीवरचे आच्छादन आणि जागच्या जागी कुजणारा पालापाचोळा यांची जोड हवी, आणि पाळेकर स्वतः तो आग्रह धरतातच. जे कास्तकार नुसते ड्रम भरून थांबतात त्यांचे पीक दोन-तीन हंगामांत पिवळे पडते, आणि मग दोष पद्धतीला दिला जातो.

२०१८ साली राज्य सरकारने, पूर्वी विशेष मदत मिळालेल्या त्याच सहा जिल्ह्यांसाठी, पंजाबरावांच्या नावाने जैविक शेती मिशन काढले आणि त्याचे ठाणे अकोल्यास ठेवले. गावोगाव कास्तकारांचे गट बांधणे, त्यांना प्रमाणपत्र मिळवून देणे, माल एकत्र विकणे अशी तजवीज आहे. प्रमाणपत्राच्या नियमाप्रमाणे हंगामी पिकांना दोन वर्षांचा परिवर्तनकाळ पाळावा लागतो. त्या अवधीत उत्पन्न घटते आणि सेंद्रिय म्हणून चढा भावही मिळत नाही. पाच-सात एकरांच्या जिरायत कास्तकाराने ही दोन वर्षे कशी काढावी, या प्रश्नाचा विचार चळवळीने आणि सरकारने दोघांनीही जितका करावयास हवा तितका केलेला नाही. दुसरी अडचण बियाण्याची. प्रमाणित सेंद्रिय कापसात जनुकबदल केलेले बी चालत नाही, आणि गेल्या वीस वर्षांत पेठेतली बहुतेक पाकिटे बीटीचीच झाली. अकोल्याच्या विद्यापीठाने ‘एकेए-८४०१’ सारखे देशी वाण काढलेले आहेत. त्यांना मावा-तुडतुड्यांचे भय थोडे, पाण्याची मागणी थोडी, आणि मुख्य म्हणजे त्यांची सरकी पुढच्या मृगासाठी घरी राखता येते. परंतु जिनात दुसऱ्याची सरकी मिसळू नये, यासाठी गटाला आपला कापूस हंगामाच्या आरंभी, जिन स्वच्छ असताना, वेगळा सोडवून घ्यावा लागतो, आणि निघालेली सरकी मोजून आपल्याच बंडीत भरून गावी परत न्यावी लागते.